उरलेलं कोण खाणार?

सकाळी पिंटूभाऊ झाडे बेसा रोडवरच्या टाइल्सच्या दुकानात निघून जात, मोठा मुलगा पियुष कोचिंगला जाई, आणि हुडकेश्वरच्या त्या घरात ओट्यावर भांडी उरत. कढईच्या कडेला चिकटलेली वांग्याची भाजी. पातेल्याच्या तळाशी मूठभर भात. पियुषच्या ताटात अर्धी पोळी, आणि पिंटूभाऊंच्या ताटात चटणीत बुडवून तसाच ठेवलेला घास.

त्या दिवशीही पिंटूभाऊंची बायको गोपिका ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातात पातळ ताकाचा पेला होता. डॉक्टरांनी सांगितलेला आहार सुरू झाला होता: ताक, मुगाच्या डाळीचे गाळलेले पाणी, भाज्यांचे सूप आणि डब्यातल्या भुकटीचे दूध. चावावे लागेल असे काही नाही. काही दिवसांनी वजन कमी करण्यासाठी तिच्या जठराचे ऑपरेशन व्हायचे होते, आणि तोवर फक्त पातळ पदार्थांवर राहायचे होते.

बाहेरच्या खोलीत सासूबाई गिरजाबाई उन्हाच्या पट्ट्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तिथूनच त्यांनी विचारले, "उरलेलं कोन खाईन वं?"

हा प्रश्न त्या घरात रोज विचारला जाई. त्याला कधी कुणी उत्तर देत नसे, कारण उत्तर सर्वांना ठाऊक होते. गोपिकाने भात मुठीने गोळा केला, कढईच्या कडेवरून फिरवला आणि तोंडात टाकला. अर्धी पोळी दुमडून खाल्ली. चटणीतला घासही गेला. मग तिने नळ सोडला, भांडी विसळली आणि ती शांतपणे ताक प्यायली. कुणी विचारले असते, तर तिने छातीवर हात ठेवून सांगितले असते की सकाळपासून ताकाशिवाय पोटात काही नाही. आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खरे होते.

शाळेची वेणी घालता घालता तिची अकरा वर्षांची मुलगी भूमिका दारातून हे पाहत होती. ती रोजच पाहत असे.

गोपिका लग्न होऊन आली तेव्हा सडपातळ होती. लग्नाचा फोटो अजून भिंतीवर होता आणि आलेगेले पाहुणे त्या फोटोकडे आणि मग तिच्याकडे पाहत. आता तिला जिना चढताना दोनदा थांबावे लागे. रक्तात साखर सापडली होती. सर्वांत वाईट म्हणजे झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा. घशात काही अडकल्यासारखा आवाज यायचा, मग सगळे शांत, आणि मग एकदम ती धडपडून श्वास ओढायची. शेजारी झोपणारी भूमिका त्या शांततेत डोळे उघडे ठेवून पडून राही. श्वास परत आला की कूस बदले. याबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती.

घरात मात्र गोपिकाच्या अंगावर विनोद होत. पिंटूभाऊ वाईट माणूस नव्हते, पण नातेवाईक जमले की ते हसत म्हणत, "आमची बायको काहीच खात नाही बाप्पा! हवा पिऊन फुगून राहिली." सगळे हसत. गोपिकाही हसे.

पहिल्या तपासणीला गोपिका आणि पिंटूभाऊ गेले. भूमिकाला सुटी होती, म्हणून तिलाही सोबत घेतले होते. वजनकाट्यावर आकडा जवळजवळ तोच होता. सोनोग्राफीचे चित्र पाहून सर्जनच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी आहारतज्ज्ञ मोनाली मेश्राम यांच्याकडे पाठवले.

"ताई, घरी काय काय घेऊन राहिल्या तुम्ही?" मोनालीने विचारले.

"तुम्ही सांगतलं तेच. ताक, मुगाचं पानी, पावडरचं दूध."

"आणखी?"

"काहीच नाही. देवाशप्पथ."

"मॅडम," पिंटूभाऊ हसले, "किती वर्षं झाली, ही असंच म्हनते."

मोनाली हसली नाही. समोरची बाई खोटे बोलत असेल, तर तिच्या डोळ्यांत लपवाछपवी दिसायला हवी होती. तिथे फक्त भीती होती. "बरं, काल उठल्यापासून काय काय केलं ते सांगा," ती म्हणाली. "खाण्याचं नका सांगू. कामाचं सांगा."

गोपिका सांगू लागली. "उठली, पानी भरलं, पोट्ट्याचा डबा केला. हे जेवून गेले. मंग भांडी मोकळी केली, ताक घेतलं, कपडे..."

"भांडी मोकळी केली म्हणजे?"

"उरलेलं संपवलं. भात होता थोडा, पोळी होती पोराची."

"संपवलं म्हणजे टाकून दिलं?"

गोपिका दचकली. "टाकन कसं? अन्न आहे नं ते!"

"म्हणजे खाल्लं."

"नाही वं माय, खाल्लं नाही. मी त जेवाले बसलीच नाही. संपवलं."

पिंटूभाऊंच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले, त्याचे काय करावे हे त्यांना सुचत नव्हते.

वाचकहो, ही बाई अडाणी नव्हती. ती बारावी शिकलेली होती, मुलांचा अभ्यास घेत होती. पण ताट वाढून घेऊन बसणे म्हणजे जेवण, आणि उभ्याने, घाईघाईत, दुसऱ्याच्या ताटातले तोंडात टाकणे म्हणजे घरकाम, असे तिला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच शिकवले गेले होते. भांडी घासणे, फडके धुणे, तसेच हेही. या कामाचा हिशेब भुकेशी कुणी जोडला नव्हता. तिनेही नाही.

मोनालीने आपला डावा तळहात उजव्या मुठीवर पालथा ठेवला. "ताई, ही मूठ म्हणजे तुमचं जठर. हा वरचा हात म्हणजे यकृत. चरबीनं ते सुजलं आहे, जड झालं आहे. डॉक्टरांना मुठीपर्यंत जायचं तर आधी हा हात उचलावा लागतो. ताक-पाण्यावर राहिलं की तो हलका होतो, सहज उचलला जातो. पण जड हात ओढून उचलायला गेलं तर..." ती थांबली. बाकावर बसलेल्या भूमिकाकडे तिचे लक्ष गेले. पण गोपिकाने विचारले, "त काय होते?" आणि मग सांगावेच लागले. "फाटू शकतो. रक्त जाऊ शकतं."

सर्जननी तारीख पुढे ढकलली. ते कठोर नव्हते, पण स्पष्ट होते. पुढच्या वेळीही असेच चित्र दिसले तर ते हात लावणार नव्हते. आणि ऑपरेशन लांबत गेले, तर झोपेतल्या त्या श्वासाची खात्री ते देऊ शकत नव्हते.

परतीच्या वाटेवर ऑटोत भूमिका आईचा पदर मुठीत धरून बसली होती. मोठ्यांच्या बोलण्यातून मुले आपल्यापुरता एक अर्थ काढतात आणि तो मनात घट्ट धरून ठेवतात. भूमिकाने काढलेला अर्थ साधा होता. पातेल्यातले मम्मीच्या पोटात गेले, तर मम्मी उठणार नाही.

घरी आल्यावर पिंटूभाऊ आईसमोर जरा वेळ घुटमळले. मग म्हणाले, "माय, हिले आता उरलेलं देत नको जाऊ."

"मी कवा देतो रे पिंटू?" गिरजाबाई खरोखरच चकित झाल्या. "ते त आपोआपच संपते."

गिरजाबाईंना दुष्ट म्हणता येणार नाही. लहानपणी दुष्काळात त्यांनी मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीसाठी आईच्या मागे रांगेत उभे राहून दिवस काढले होते. अन्नाचा कण मोरीत गेला तर त्यांच्या काळजात कळ येई. उमरेडकडच्या गावी त्यांच्या घरी बैल होते, भली मोठी गव्हाण होती, आणि त्या आठवणी त्या आल्यागेल्याला सांगत. फक्त, आपण त्या लाल भाकरीच्या रांगेतून आलो म्हणून आपली सून कशात लोटली गेली, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. सासू झाल्यावर स्वतः गिरजाबाईंचे "संपवणे" सुटले होते. ते पुढच्या बाईकडे गेले होते, इतकेच.

पुढचे दिवस गोपिकाने फार भीत काढले. स्वयंपाक आता गिरजाबाई करत. डोके ठणके, हात थरथरत. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटे आणि लगेच तो पालथा तळहात डोळ्यांपुढे येई. रोजचे पूजेतले हळदकुंकू लावतानाही ती मनात एकच मागणे मागे, की त्या टेबलावर माझे डोळे परत उघडू दे, पोट्टी लहान आहे. तिला सर्वांत जास्त धास्ती वाटे ती ओट्याची. भुकेल्या पोटी तिथे उभे राहायचे, समोर मऊ भात, आणि बाहेरून तो प्रश्न येणार.

पण नवल असे, की ती अंग टेकून उठून येई, तोवर भांडी रिकामी असत. पातेले विसळून पालथे घातलेले, ताटे धुतलेली.

आईंनी ऐकलं, असे तिला वाटले. कमीच रांधून राहिल्या असतील. त्या समाधानात तिचे डोळे भरून आले. गेल्या कित्येक वर्षांत या घरात तिच्यासाठी कुणी काही बदलले नव्हते.

गिरजाबाई कमी रांधत नव्हत्या. पियुषही ताटात अर्धी पोळी तशीच टाकून उठत होता. "उरलेलं कोन खाईन वं?" हा प्रश्न सवयीने तसाच येत होता. फक्त आता त्यावर स्वयंपाकघरातून एक लहान आवाज उत्तर देत होता, "मी संपवतो, आजी."

पहिल्या दिवशी गिरजाबाईंनी मान वर करून पाहिले. नात उभ्यानेच कढई पुसून खात होती. "शहानी आहे वं माझी पोट्टी," त्या कौतुकाने म्हणाल्या. "मायचा भार हलका केला."

पियुषला गंमत वाटली. "आता मम्मीची ड्यूटी भूमीले लागली!"

भूमिकाही हसली. तिचे आधीच जेवण झालेले असे, पोट तट्ट भरलेले असे. शेवटचे घास ती पाण्याबरोबर गिळे. मम्मीला सांगायचे नाही, असे तिने ठरवले होते. मम्मीला काळजी वाटली असती.

शनिवारी पाहुणे आले, वडाभात झाला, पुष्कळ उरला. रात्रभर तो पातेल्यात झाकून तसाच राहिला. फ्रिजमध्ये जागा नव्हती आणि थंडीचे दिवस आहेत, असे सगळ्यांना वाटले. रविवारी सकाळी त्याला थोडा आंबूस वास येत होता. भूमिकाला तो आला. तिने क्षणभर पातेल्याकडे पाहिले. आत खोलीत गोपिका भिंतीला टेकून बसली होती, फिकट, डोळे मिटून. आता ती उठेल, या पातेल्यापाशी येईल.

भूमिकाने नाक दाबून तो भात संपवला.

दुपारी तिला पहिली उलटी झाली. मग दुसरी. मग त्या थांबेचनात. जुलाब सुरू झाले. तिन्हीसांजेपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले, ओठ सुकून पांढरे पडले, आणि गोपिकाने हाक मारली तेव्हा तिने फक्त मान हलवण्याचा प्रयत्न केला. पिंटूभाऊ दुकानात होते, फोन उचलत नव्हते. पियुष घरी नव्हता, आणि गिरजाबाईंना पोर उचलून जिना उतरणे जमणारे नव्हते.

गोपिकाने मुलीला उचलले. इतके दिवस ताक-पाण्यावर असलेल्या त्या बाईला जिन्याच्या पायऱ्यांवर समोरचे दिसेनासे झाले. भिंतीला खांदा घासत ती उतरली. छाती फाटतेय असे वाटत होते. 'आता मी पडली त ही पोट्टी माझ्याखाली येईन,' एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. गेटपाशी तिने शेजारच्या श्वेताला हाक मारली, पण आवाज फुटला नाही. श्वेतानेच खिडकीतून पाहिले आणि स्कूटी काढली. दोघींच्या मध्ये ती मलूल पोर धरून त्या मुलांच्या दवाखान्यात पोचल्या.

हातात सुई गेली तरी भूमिका रडली नाही. गोपिकाला तेच सर्वांत भयंकर वाटले.

सलाईनची अर्धी बाटली गेल्यावर पोरीने डोळे नीट उघडले. डॉक्टरांनी वाकून विचारले, "बेटा, आज काय खाल्लं?"

"पोळी. वरण."

"आणखी?"

"काहीच नाही."

"शिळंबिळं काही? बाहेरचं?"

भूमिकाने आईकडे पाहिले. मग बारीक आवाजात म्हणाली, "वडाभात होता. पन मी खाल्ला नाही. संपवला."

गोपिकाने पलंगाचा दांडा धरला. तिला वाटले, आपलाच आवाज आपण त्या लहान तोंडातून ऐकतो आहोत.

"काहून वं बाई?" तिने विचारले. "काहून खाल्ला?"

"तू खाल्ला असता नं मग. मग तू ऑपरेशनमध्ये..." इतक्या दिवसांत भूमिका पहिल्यांदा रडली.

पिंटूभाऊ धावत आले, मागोमाग पियुषसोबत गिरजाबाई. म्हातारी नातीच्या कपाळावरून हात फिरवू लागली. पण भीतीतही जुने बोलणेच तोंडून निघाले. "मले काय ठाव तो भात आंबला होता म्हून. गावी असतं त आपन असं अन्न बैलाच्या गव्हाणीत टाकलं असतं. इथं कुठी टाकाव?"

गोपिकाने सासूकडे पाहिले. या घरात आल्यापासून तिने त्यांच्या नजरेला नजर दिली नव्हती. आज दिली.

"आई," ती म्हणाली, "गव्हान गावीच राहिली. मग इथं मी कोन आहे?"

गिरजाबाईंचा हात नातीच्या कपाळावर थांबला.

"मले सांगा नं. वांगं चिकटलं, मी. भात उरला, मी. यायच्या ताटातलं, पोराच्या ताटातलं, सारं मी. आन मग हेच लोक म्हनते का ही कायची फुगून राहिली! मी ऐकलं, हसली. माझं जाऊ द्या. पन ही?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि म्हणून खोलीत प्रत्येकाला तो ऐकू आला. "ही माझी पोट्टी आहे. हिचं पोट तुमची गव्हान नाही होनार. मी मेली तरी नाही होऊ देनार."

"गोपिका..." पिंटूभाऊ म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. ताटात टाकून उठता तवा ते कोन उचलते, कधी मागं वळून पाह्यलं?" मग ती पियुषकडे वळली. तो दाराशी मान खाली घालून उभा होता. त्याच्यावर ती ओरडली नाही. "तुले बी कोनी शिकवलं नाही, बापू. आता शिकजो. आजपासून ज्याच्या ताटातलं त्यानं खायचं. नाही जात त झाकून ठेवायचं, अन् भूक लागली का पहिले तेच घ्यायचं. पातेल्यात उरलं त सगळ्यायनं वाटून घ्यायचं. आंबलं त फेकायचं. पाप लागलं त मले लागू द्या. पन भूमीच्या अन् माझ्या तोंडात ते जानार नाही."

गिरजाबाई बाकावर जाऊन बसल्या आणि बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिल्या. एकदाच त्या स्वतःशी पुटपुटल्या, "माही सासू बी मले असंच इचारे." ते कुणी ऐकले नाही, ऐकले ते फक्त भूमिकाने.

भूमिका बरी होऊन घरी आली. बदल एका दिवसात झाला नाही. पियुष दोनदा विसरला आणि दोनदा आपलीच वाळलेली पोळी त्याला संध्याकाळी मिळाली. पिंटूभाऊंनी भाताचे माप कमी करायला सांगितले, तेव्हा गिरजाबाई पुटपुटल्या. पण माप कमी झाले. गोपिका ताकावर, सुपावर राहिली. भूक तशीच होती, भीतीही तशीच होती. पुढच्या तपासणीत सर्जननी पडद्यावरचे चित्र पाहून मान डोलावली, आणि दवाखान्यात भरती व्हायचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी बॅग दाराशी तयार होती. गोपिका बाजूच्या खुर्चीत बसून पेल्यातले पाणी घोट घोट पीत होती. उद्या या वेळी आपण कुठे असू, हे तिला माहीत नव्हते, आणि तसे ते डॉक्टरांनाही पूर्ण माहीत नव्हते. बाकी सगळे खाली ताटे घेऊन बसले होते. भूमिकाही बसली होती, सगळ्यांबरोबर, पहिल्याच पंगतीला.

जेवता जेवता तिचा हात थांबला. ताटात अर्धी पोळी आणि थोडी भाजी होती. तिने एकदा आईकडे पाहिले, एकदा आजीकडे. घास उचलला, परत ठेवला. तिच्या चेहऱ्यावर ती जुनी भीती क्षणभर येऊन गेली.

"माझं पोट भरलं," ती म्हणाली.

पियुषने चावणे थांबवले. गोपिकाच्या हातातला पेला तसाच राहिला. सगळ्यांचे लक्ष गिरजाबाईंकडे गेले. म्हातारीचे ओठ हलले. तो प्रश्न तिथपर्यंत आला होता. इतक्या वर्षांची सवय होती.

मग गिरजाबाईंनी गुडघ्यावर हात टेकला, उठल्या, फडताळातून एक लहान ताटली काढली आणि नातीच्या ताटावर झाकण घातले.

"भरलं त ऊठ," त्या म्हणाल्या. "हात धू. मायजवळ बस."

भूमिका उठली आणि आईच्या कुशीत जाऊन बसली. त्या घरात एका मुलीने पोट भरले म्हटले आणि ते खरे मानले गेले. असे पहिल्यांदाच झाले. गोपिका त्याच विश्वासाच्या आधाराने, मुलीचा हात धरून, भीत भीत जिना उतरली.

वाचकहो, आज जेवण आटोपून ताट सरकवाल, तेव्हा लगेच उठू नका. जरा थांबा, आणि ते ताट कुणाच्या हातात जाते आहे, तेवढे पाहा.